विरहिणीची वाणी आणि शाहिराची नाममुद्रा

दिवाळी आटोपली, भाऊबीज झाली, की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. हलके धान घरी आलेले असते, भारी धान अद्यापि बांधीत उभे असते, आणि या दोन कामांच्या मध्ये जी थोडी उसंत सापडते तीत गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकाने, पाळणे आणि सोयऱ्याधायऱ्यांची गर्दी. रात्री दंडार, नाहीतर खडी गंमत. पवनी तालुक्यातील कोंढा या गावाच्या बाजूस अशाच एका रात्री मी खडी गंमत पाहावयास बसलो होतो. ढोलकी कडाडली आणि लुगडे नेसलेला एक तरुण मुलगा पुढे आला. परगावी गेलेल्या धन्याची वाट पाहून थकलेल्या स्त्रीचे गाणे त्याने आळविले. आवाज गोड होता, हातवारे नेमके होते, आणि मंडळी डोलत होती. माझ्या शेजारी एक वृद्ध बाई बसल्या होत्या. गाणे संपल्यावर त्या हळूच म्हणाल्या की, हे गाणे पुरुषाने रचलेले दिसते. बाईमाणूस असे रडत नाही.

त्या बाईंनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. परंतु मराठी गीतवाङ्मयाच्या अभ्यासकास जो प्रश्न आधी पडावयास हवा, तोच त्यांनी एका वाक्यात विचारला होता. प्रेमाचे आणि प्रेमभंगाचे गाणे कोणाच्या तोंडी घातलेले असते, ते रचितो कोण, आणि अखेरीस नाव कोणाचे राहते? आजच्या या भाषणात मराठी गीतकारांनी प्रीती आणि निराशा कशी व्यक्त केली याचा इतिहास मी आपणापुढे थोडक्यात ठेवणार आहे. आणि तो सांगत असता या तीन प्रश्नांचा धागा हातातून सुटू द्यावयाचा नाही, असे मी ठरविले आहे.

विरहाचे गाणे आमच्या प्रदेशास परके नाही. नागपूरच्या उत्तरेस असलेला रामटेकचा डोंगर म्हणजेच कालिदासाच्या ‘मेघदूता’तील रामगिरी होय, असे मत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी मांडले. ते मान्य केले, तर संस्कृतातील सर्वांत प्रसिद्ध विरहकाव्याचा आरंभ आमच्या शेजारच्याच डोंगरावर होतो. पण तेथे बोलतो तो यक्ष, म्हणजे पुरुष. यक्षपत्नी अलकेत बसून काय म्हणत असेल, तेही आपणांस यक्षाच्याच तोंडून कळते.

मराठीच्या पूर्वजेकडे, म्हणजे महाराष्ट्री प्राकृताकडे, वळले की चित्र पालटते. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ म्हणजे सुमारे सातशे लहान लहान गाथांचा संग्रह. प्रत्येक गाथा दोन ओळींची. राजवाड्यापेक्षा शेताशी, नदीकाठाशी आणि खेड्यातल्या घराशी तिची अधिक सलगी. प्रवासास निघालेला नवरा, त्याच्या परतण्याचे दिवस मोजणारी बायको, रुसवा, संशय, शेजारणीपाशी केलेली कुरकुर, हे सारे तीत आहे. विशेष हे की, या गाथांच्या कर्त्यांची जी नावे टीकाकारांनी नोंदविली त्यांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी काही स्त्रियांची नावेही आढळतात. याच गाथांचे मराठी रूपांतर पुढे नागपूरचे कवी राजा बढे यांनी ‘शेफालिका’ या नावाने केले. बढे हे स्वतः गीतकार. भावगीते आणि चित्रपटगीते लिहिणाऱ्या कवीस दोन हजार वर्षांपूर्वीची ही लहानशी गाथा जवळची वाटली, यात नवल नाही. थोड्या जागेत एकच भाव पुरा करण्याची कला दोहोंसही साधावयाची होती.

मराठी भाषेत पहिली म्हणून जिचा मान आहे ती कवयित्री महदंबा, म्हणजेच महदाइसा. तीही वऱ्हाडशी जोडलेली. तेराव्या शतकात ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात तिने ‘धवळे’ रचिले. धवळे म्हणजे विवाहप्रसंगी गावयाची गीते. विषय श्रीकृष्ण आणि रुक्मिणी यांच्या विवाहाचा. आणि रुक्मिणी ही परंपरेने वर्धा नदीकाठच्या कौंडिण्यपूरची राजकन्या, म्हणजे आमची माहेरवाशीण. मनाविरुद्ध ठरलेले लग्न, स्वतः निवडलेला वर आणि तो वेळेवर येईल की नाही याची धास्ती, असे ते कथानक आहे. मराठीतील स्त्रीकाव्याचा आरंभच अशा प्रतीक्षेच्या गाण्याने व्हावा, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

त्यानंतरच्या संतवाङ्मयात ‘विरहिणी’ हा रचनेचा एक स्वतंत्र प्रकारच झाला. ज्ञानेश्वरांसारख्या योग्यानेही परमेश्वराच्या भेटीची तळमळ सांगताना स्त्रीचे रूप घेतले. भक्ताने स्वतःस विरहिणी समजावे यात भक्तीची नम्रता आहे, हे मी जाणतो. पण तिचा एक ऐहिक परिणामही झाला. ओढ, वाट पाहणे, रडणे हे स्त्रीच्या वाणीतच शोभते. पुरुषास ते बोलावयाचे असेल तर त्याने आधी स्त्री व्हावे, असा जणू संकेतच मराठी गीतात रूढ झाला. हा संकेत पुढे पाचसहाशे वर्षे टिकला.

आता आपण पेशवाईच्या उत्तरकाळात येऊ. लावणीच्या भराचा हा काळ. सोलापूरचे रामजोशी, संगमनेरचे अनंत फंदी, पुण्याचे गवळी होनाजी आणि त्यांचे जोडीदार बाळा, प्रभाकर, शिंपी जातीचे परशराम, जेजुरीचे मुसलमान शिकलगार सगनभाऊ, अशी ही शाहीरमंडळी. त्यांच्या जाती निरनिराळ्या, शिक्षण निरनिराळे. परंतु विरहाची लावणी सर्वांनी रचिली, आणि बहुतेक स्त्रीच्याच तोंडी घातली.

ती लावणी केवळ कल्पनेतून आलेली नव्हती. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मुलूखगिरीस बाहेर पडत आणि पावसाळ्यापूर्वी परतण्याचा त्यांचा प्रयत्न असे. कित्येकदा ते परतणे वर्षानुवर्षे लांबे, तर कित्येकदा होतच नसे. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर जे पडले त्यांच्या घरी कोणी किती वर्षे वाट पाहिली असेल, याची गणती कोठेही लिहिलेली नाही. आमच्या बाजूचा अनुभवही निराळा नव्हता. 1741 नंतरच्या दहा वर्षांत नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगाल आणि ओरिसावर वारंवार गेल्या. 1744 मध्ये त्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये दग्याने मारले गेले. 1751 च्या तहाने ओरिसा प्रांत भोसल्यांकडे आला. इतिहासात तह लिहिला गेला. पण वैनगंगेच्या काठची जी घरे त्या काळात पुरुषांवाचून राहिली, त्यांची नोंद करावयाची झाली तर ती गाण्यातच करावी लागते.

लावणीकाराची रीत पाहण्यासारखी आहे. तो दुःखाचे वर्णन थेट करीत नाही. तो दागिन्यांची नावे घेतो, लुगड्याचा रंग सांगतो, शृंगार केलेल्या स्त्रीस आरशासमोर उभी करतो. आणि मग एवढेच सुचवितो की, हे सारे पाहावयास घरात कोणी नाही. शृंगार जितका भरघोस, तितकी ती उणीव अधिक बोचते. दुसरी युक्ती महिन्यांची. आषाढ गेला, श्रावण गेला, असे एकेक महिना मोजीत तो वर्ष पुरे करतो. तिसरी युक्ती बोलण्याची. विरहिणी एकटी बोलत नाही. ती सखीशी, सासूशी, वाटसरूशी, नाहीतर डोळ्यांपुढे नसलेल्या धन्याशीच भांडते. प्रेम हे लावणीत पुष्कळदा तक्रारीच्या रूपाने प्रकट होते. मराठी माणसास प्रेम कबूल करण्यापेक्षा भांडणे सोपे वाटते, हे शाहिरांनी बरोबर ओळखले होते.

आणि मग येतो शेवटचा चौक. सारी लावणी स्त्री बोलत असते. परंतु अखेरच्या चरणात शाहीर आपले नाव घालतो. यास नाममुद्रा म्हणतात. जी स्त्री इतका वेळ आपले काळीज उघडे करीत होती, ती तेथे थांबते, आणि होनाजी, प्रभाकर किंवा सगनभाऊ हे नाव पुढे येते. रचना आपली आहे हे सांगण्याचा शाहिरास अधिकार होता. छापखाना नसलेल्या काळात दुसरा उपायही नव्हता. यात त्यांचा दोष मी काढीत नाही. पण वाणी तिची आणि मुद्रा त्याची, अशी ही वाटणी आहे, हे मात्र ध्यानात ठेविले पाहिजे.

पुढील काळातील एक उदाहरण या वाटणीवर अधिक प्रकाश टाकते. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, अर्थात पठ्ठे बापूराव, यांनी कुळकर्णीपण आणि सोवळे सोडून तमाशाचा फड धरिला. त्यांच्या लावण्या गाणारी पवळा ही महार समाजातील कलावंतीण. तिच्या रूपाची आणि गळ्याची कीर्ती त्या काळी मुंबई-पुण्यात गाजत होती. पुढे दोघे विभक्त झाली. 1945 मध्ये बापूराव विपन्नावस्थेत वारले. त्यांच्या लावण्या छापल्या गेल्या, अभ्यासिल्या गेल्या, आणि ते योग्यच झाले. पण ज्या लावण्या तिने उभ्या केल्या त्यांविषयी, किंवा त्यांच्यामागील जीविताविषयी, पवळेने स्वतः काय म्हटले असते, ते सांगणारी एकही मुद्रा आपल्यापाशी नाही.

संगीत रंगभूमीने हाच संकेत निराळ्या वेषात चालविला. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ 1882 मध्ये रंगभूमीवर आले. अर्जुनावर मन जडलेले आणि लग्न भलत्याशीच ठरू पाहणारे, अशी सुभद्रेची स्थिती. तिची पदे भाऊराव कोल्हटकरांनी गाइली आणि महाराष्ट्र त्यांवर लुब्ध झाला. 1899 मध्ये देवलांचे ‘शारदा’ आले. येथे प्रेमभंगाहून भयंकर गोष्ट होती, ती म्हणजे म्हाताऱ्याशी लावून दिले जाणारे कोवळ्या मुलीचे लग्न. देवलांनी त्या मुलीच्या तोंडी साधी, घरगुती, जवळजवळ बोलण्यासारखी पदे घातली. मराठी गीतातील निराशा दागिन्यांच्या वर्णनावाचून बोलू लागली ती येथे. परंतु लुगडे नेसून उभे राहणारे नट पुरुषच होते. म्हणजे कोंढ्याच्या मंडईत मी जे पाहिले तेच पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत झुंबरांखाली चालले होते.

विसाव्या शतकात दोन गोष्टी घडल्या आणि गीताचे रूप पालटले. पहिली गोष्ट कवींची. 1923 मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. त्यांतील माधवराव पटवर्धन, म्हणजे माधव ज्यूलियन, हे फारसीचे प्राध्यापक. त्यांचे ‘विरहतरंग’ 1926 मध्ये आणि ‘गज्जलांजलि’ 1933 मध्ये प्रसिद्ध झाले. फारसी गझलेत प्रियकर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आवाजात आपले अपयश सांगतो. त्यासाठी त्यास स्त्रीचे रूप घ्यावे लागत नाही. माधव ज्यूलियनांनी ही मोकळीक मराठीत आणिली. शिकलेल्या मराठी पुरुषाने आपले प्रेम विफल झाले असे प्रथमपुरुषी एकवचनात आणि उघड्यावर म्हणावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्यांच्यावर टीकाही झाली. परंतु ‘मी’ हा शब्द एकदा मराठी प्रेमगीतात आला तो परत गेला नाही.

आमच्या विदर्भात त्याच सुमारास कवी अनिल लिहीत होते. त्यांचा ‘फुलवात’ हा संग्रह 1932 चा. अनिल आणि कुसुमावती जयवंत यांनी लग्नापूर्वी एकमेकांस लिहिलेली पत्रे पुढे 1972 मध्ये ‘कुसुमानिल’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्या पत्रांत विशेष हे की, प्रेमाच्या व्यवहारात स्त्रीची बाजू तिच्या स्वतःच्या अक्षरांत आपणांस वाचावयास मिळते.

दुसरी गोष्ट यंत्राची. आणि येथे थोडे समुद्रापलीकडे पाहिले पाहिजे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गीते छापून विकणाऱ्या दुकानांची एक वसाहतच उभी राहिली होती. तिला लोक ‘टिन पॅन अ‍ॅली’ म्हणत. 1892 मध्ये चार्ल्स हॅरिस याने रचिलेल्या एका गीताच्या लक्षावधी प्रती खपल्या. त्याचा विषय, एका गैरसमजाने हातची गेलेली प्रेयसी. निराशा विकली जाते, हे व्यापाऱ्यांस त्या दिवशी कळले. पुढे अर्व्हिंग बर्लिन, लोरेंझ हार्ट, कोल पोर्टर, आयरा गर्श्विन ही गीतकारांची पिढी आली. बर्लिनची तरुण पत्नी 1912 मध्ये लग्नानंतर थोड्याच महिन्यांत विषमज्वराने वारली, आणि त्या शोकाचेही त्याने गीतच केले. हार्टची रीत वेगळी. तो रोजच्या बोलण्यातले शब्द घेई, यमकांशी खेळे, आणि आपणांस काही झालेच नाही असा आव आणून दुःख सांगे. त्यांच्या गीताचा मुख्य भाग बहुधा बत्तीस मात्राखंडांचा असे. एक चाल दोनदा, मध्ये निराळी चाल, आणि पुन्हा पहिली. जे मन सांगू पाहते त्यास तेवढीच जागा. या पुरुषांच्या मेळ्यात डोरोथी फील्ड्स ही एक स्त्रीही गीतकार म्हणून नावारूपास आली, आणि 1936 च्या एका चित्रपटातील प्रेमगीतासाठी तिला ऑस्कर पारितोषिक मिळाले.

या साऱ्याचा मराठीशी संबंध काय? संबंध ग्रामोफोनच्या तबकडीचा. मिनिटास 78 फेरे घेणारी दहा इंची तबकडी एका बाजूस सुमारे तीन मिनिटे वाजे. न्यूयॉर्कच्या गीतकारास जी मर्यादा, तीच मुंबईच्या गीतकारास. लावणी रात्रभर रंगे, नाटकातील पद वन्समोअरवर वन्समोअर घेत लांबे. तबकडीस ते मान्य नव्हते. ध्रुवपद आणि दोनतीन कडवी, एकच भाव, एकच चाल, आणि गाणे संपले. यांतूनच मराठी भावगीत आकारास आले. मुलूखगिरी गेली, सखी गेली, सासू गेली, महिन्यांची मोजणी गेली. राहिले ते एक मन आणि त्याची एक अवस्था.

भावगीताच्या आरंभीच्या यशाचे श्रेय आमच्या विदर्भाकडे पुष्कळसे जाते. मेहकरचे वकील ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गो. ना. जोशी यांनी गाइली, तिची तबकडी निघाली, आणि ती घरोघर पोचली. ना. घं.चा पहिला संग्रह याच नावाने 1954 मध्ये, म्हणजे गाणे लोकांच्या ओठी बसल्यावर कितीतरी वर्षांनी निघाला. गीत पुस्तकाच्या आधी धावले, याचे हे ठळक उदाहरण. या कवितेतही बोलते ती स्त्री. रानातून शीळ घालणाऱ्या प्रियकरास ती वेळकाळ न पाहण्याबद्दल दटाविते. लावणीतील भांडण येथेही आहे. पण ते हळू आवाजाचे, खेड्याच्या बोलीतले आणि गोड झाले आहे. आणि गाणारा गळा मात्र पुन्हा पुरुषाचाच.

बोलपट आल्यावर हा गळा बदलला. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ 1932 चा. 1939 मध्ये प्रभात कंपनीच्या ‘माणूस’ या चित्रपटात शांता हुबळीकरांनी मैना नावाच्या वेश्येची भूमिका केली. तिची गीते अनंत काणेकरांनी लिहिली होती. ज्या स्त्रीस प्रेमाची आशा करण्याचाच अधिकार नाही, तिच्या तोंडी काणेकरांनी रडगाणे घातले नाही; उद्याची चिंता झटकून टाकणारे आनंदी गाणे घातले. हसणाऱ्या शब्दांखाली निराशा झाकून ठेवण्याची ही हातोटी, न्यूयॉर्कच्या हार्टने वापरली तीच. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले असेल असे मानण्याचे कारण नाही. अल्प अवकाश, सामान्य माणसाची भाषा आणि दुःख उघड बोलण्याचा संकोच ही तीन एकत्र आली की, कोणत्याही देशातील गीतकार याच वाटेस लागतो, असे दिसते.

पुढील काळात ग. दि. माडगूळकर, राजा बढे, शांता शेळके, आमच्या अमरावतीचे सुरेश भट यांनी मराठी गीत समृद्ध केले. सुरेश भटांनी गझल तंत्रशुद्ध करून सर्वतोमुखी केली. त्यांच्या प्रेमगीतांपैकी गाजलेली कित्येक स्त्रीच्याच तोंडची आहेत. जुना संकेत सुटला नाही, पण गाणारी आता स्त्री होती, आणि शांताबाईंसारखी लिहिणारीही स्त्री होती. इंदिरा संतांचे पती 1946 मध्ये वारले. त्यानंतरच्या त्यांच्या ‘मेंदी’ (1955) आणि ‘मृगजळ’ (1957) या संग्रहांत विरहिणी स्वतः लेखणी धरून बसलेली आपणांस दिसते. तिचे दुःख आरशासमोर उभे राहत नाही, दागिने मोजीत नाही. घरातल्या एखाद्या वस्तूवर, दाराशी पडलेल्या उन्हावर तिची नजर स्थिरावते, आणि तेवढ्याने ती सारे सांगते. मंडईतील त्या वृद्ध बाईंनी या कविता वाचल्या असत्या तर त्यांनी मान डोलाविली असती, असे मला वाटते.

पण स्त्रीने स्वतःचे गाणे रचावयास इंदिराबाईंपर्यंत वाट पाहिली असे कोणी समजू नये. ते गाणे पहाटेच्या अंधारात जात्यावर रोजच चालले होते. साने गुरुजींनी 1940 मध्ये ‘स्त्री जीवन’ या ग्रंथात अशा ओव्या एकत्र केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी पुण्याहून जे संकलन आरंभिले त्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. हा साठा पाहिला की, एक गोष्ट तत्काळ ध्यानात येते. लावणीत धनी प्रत्येक चौकात आहे. ओवीत तो क्वचित भेटतो. ओवीत आई आहे, भाऊ आहे, माहेरची वाट आहे, लेकरू आहे. नवऱ्यावरील प्रेम सांगावयाचे तर ते त्याच्या शेताचे, बैलाचे, कपाळीच्या कुंकवाचे कौतुक करून सांगावयाचे. आणि निराशा सांगावयाची तर माणसास न सांगता जात्यास सांगावयाची, कारण जाते चुगली करीत नाही. शाहिराच्या विरहिणीस सारे गाव ऐकत होते. जात्यावरची बाई ऐकू जाऊ नये म्हणून घरघरीच्या आड गात होती. पुरुषाने कल्पिलेले रडणे आणि बाईचे रडणे यांतील जो भेद त्या वृद्ध बाईंनी हेरिला, तो हाच.

बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण येथे आठवावे. जळगावजवळच्या आसोद्याच्या त्या कन्या. अक्षरओळख नाही, तरुणपणी वैधव्य, आणि जात्यावर, शेतावर, चुलीपाशी सुचलेली गाणी. मुलगा सोपानदेव हे स्वतः कवी होते म्हणून ती टिपली गेली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1952 मध्ये आचार्य अत्रे यांच्या आग्रहाने ती प्रसिद्ध झाली. घरात लिहिणारा नसता, तर मराठीचे हे धन 1951 मध्येच सरणावर गेले असते. अशा किती बहिणाबाई न टिपता गेल्या असतील!

श्रोतेहो, कोंढ्याच्या त्या रात्रीची उरलेली हकीकत आता सांगतो. मी त्या बाईंस विचारिले की, मग बाई कशी रडते? त्यांनी प्रथम उत्तर टाळिले. मग पदर तोंडास लावून आमच्या झाडीबोलीत चार ओव्या हलक्या आवाजात म्हटल्या. त्यांत धन्याचे नाव नव्हते. रोवणीच्या दिवसांत चिखलात उमटलेल्या आणि सांजेपर्यंत पाण्याने पुसून गेलेल्या पावलांविषयी त्या होत्या. समोर ढोलकी वाजत होती, लोक हसत होते, आणि मला पुरते ऐकू आले नाही. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन जावे असे ठरविले, आणि कामाच्या रगाड्यात राहून गेले. पुढे पुन्हा त्या बाजूस जाणे झाले तेव्हा त्या हयात नव्हत्या. त्यांच्या सुनेस विचारिले. तिला त्या ओव्या येत नव्हत्या. घरी जाते आता कोपऱ्यात उभे करून ठेविले होते आणि पीठ गिरणीतून येत होते.

शाहिरांनी आपली नाममुद्रा घालून आपले गाणे राखिले, यात त्यांनी शहाणपणच केले. तबकडीवर, पडद्यावर, पुस्तकावर नाव छापून पुढील गीतकारांनीही तेच केले. जात्यावरच्या ओवीस मुद्रा नसते. तिची मुद्रा म्हणजे ऐकणाऱ्याची स्मृती. म्हणून आपणांपैकी ज्यांच्या घरी आजी आहे, मावशी आहे, शेजारी कोणी वृद्ध बाई आहे, त्यांनी मंडईची वाट न पाहता तिच्यापाशी बसावे, ती जे म्हणेल ते तिच्याच बोलीत, दुरुस्ती न करता लिहून घ्यावे, आणि कागदाच्या अखेरीस, शाहीर घालीत असे त्या जागी, तिचे नाव घालावे. मला जी चुकी भोगावी लागली ती आपणांस भोगावी लागू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.